हे कुणी केलं?

मघापासून नाचाचे कपडे घालून ताटकळलेल्या पोरांनो,

तुमच्या आणि पुढच्या गाण्याच्या मध्ये मी उभा आहे, हे मला कळतं. आयुष्यभर चित्रकलेचा मास्तर होतो. कुठल्या पाहुण्याचं भाषण लांबलं की पोरं कशी चुळबुळ करतात, हे मी मागच्या रांगेत उभं राहून पाहिलेलं आहे. तेव्हा चुळबुळ करायला माझी हरकत नाही, फक्त कान इकडे असू द्या.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मला वर्गांतलं प्रदर्शन दाखवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीची स्थिरचित्रं आहेत, संकल्पचित्रं आहेत, व्हरांड्यात माँसाहेब जिजाऊंची मोठी रांगोळी आहे. रांगोळी फार चांगली उतरली आहे. लुगड्याच्या घड्यांना छाया दिलीय, तीही नुसता काळा रंग न वापरता, त्याच हिरव्याचा गडद हात मारून. मी विचारलं, कुणी काढली? उत्तर मिळालं, "मुलींनी." अरे, कोणत्या मुलींनी? तिथं कुणाला सांगता येईना. काही चित्रांखालीही नुसतं 'इयत्ता आठवी, ब तुकडी' एवढंच आहे. आठवी ब काय सगळी मिळून एक ब्रश धरते?

आज बोलायचं ते यावरच. चित्र आवडलं, मूर्ती आवडली की 'छान आहे' म्हणून आपण पुढे जातो. ते कुणी केलं, कसं केलं, हे विचारत नाही. आणि विचारलंच तर जे मोठं नाव आधीपासून ओळखीचं असतं, ते त्याला चिकटवून मोकळे होतो.

आपल्या साखरखेर्ड्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे, ते लढाईसाठी. 1724 साली इथल्या रानात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान समोरासमोर आले, मुबारिजखान मारला गेला आणि दख्खनेत निजामाची सत्ता पक्की झाली. कोण जिंकलं, कोण पडलं, सगळं लिहून ठेवलेलं आहे. आता इथून लोणारला चला. सरोवर पाहायला तुमच्यातली बहुतेक मुलं गेली असतील. गावातल्या दैत्यसूदन मंदिराला बाहेरून सावकाश फेरी किती जणांनी मारली? त्याच्या भिंती सरळ नाहीत. त्यांना कोनामागून कोन काढलेत, वरून पाहिलं तर चांदणीसारखा आकार दिसावा असे. ऊन सरकेल तशी प्रत्येक कोनाची सावली बदलते, आणि कोरलेल्या मूर्ती सकाळी वेगळ्या दिसतात, तिसऱ्या प्रहरी वेगळ्या. हे ज्या पाथरवटांनी योजलं, त्यांची नावं? आपण एका शब्दात निकाल लावतो: हेमाडपंती. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला, विद्वान माणूस. पण महाराष्ट्रातली कितीतरी 'हेमाडपंती' देवळं त्याच्या जन्माआधीच बांधून झालेली होती. छिन्नी चालवली कुणी, आणि श्रेय मिळालं मंत्र्याला. सरकारी कामांच्या कोनशिला पाहिल्या, तर ही रीत अजून चालू आहे असं म्हणायला जागा आहे. (व्यासपीठावरच्या मंडळींनी राग मानू नये.)

अजिंठ्याचंही तसंच. अजिंठा म्हटलं की आपल्याला ते दूरचं, औरंगाबादकडचं, परदेशी पाहुण्यांचं वाटतं. पण सोळाव्या नंबरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीत एक संस्कृत शिलालेख आहे. ते लेणं खोदवलं वराहदेवानं, आणि हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं शेजारचं वाशिम. साधारण दीड हजार वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या वैभवामागं जे राज्य उभं होतं, ते या आपल्या मुलखातलं होतं. शिलालेखात राजाची वंशावळ आहे, मंत्र्याची स्तुती आहे, लेण्याचं वर्णन आहे. ज्यांनी भिंती रंगवल्या त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही.

नावं नाहीत, पण काम आहे, आणि काम नीट पाहिलं तर माणूस सापडतो. काळा बेसाल्ट छिन्नीनं मुद्दाम खडबडीत ठेवायचा, म्हणजे गिलावा धरतो. त्यावर माती, भाताचं तूस आणि गवताचे तंतू कालवून लिंपण. ते वाळलं की वर चुन्याचा पातळ हात. मग रेघ, मग रंग. तुमच्या आज्यांनी सारवलेली भिंत पाहिली असेल, तर यातलं अर्धं तंत्र तुम्हाला न सांगता कळेल. लाल आणि पिवळा म्हणजे गेरू आणि पिवळी माती, हिरवाही एका मातीचा, काळा काजळीचा. निळा मात्र इथला नाही. तो लाजवर्दी दगडाचा, थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेला. इतक्या लांबून आलेला महागडा रंग माणूस हात राखून वापरतो. म्हणून लेण्यात गेलात की निळा कुठं कुठं लावलाय ते शोधा. चित्रकाराला काय महत्त्वाचं वाटत होतं, ते तिथं कळतं.

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेला आहे. त्याच्या भुवया पाहा. एकाच दमात, न थांबता ओढलेली रेघ आहे. ज्यांनी स्मरणचित्राच्या पेपरात खोडरबर झिजवलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते समजेल. अशी रेघ पहिल्या दिवशी येत नाही. तिच्याआधी हजारो रेघा कुठंतरी ओढून झालेल्या असतात.

या चित्रांचं वेड लागलेली माणसंही थोडी नव्हती. रॉबर्ट गिल हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी 1844 पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून त्यांच्या नकला करत होता. त्याच्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ना. धों. महानोरांनी गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांच्यावर 'अजिंठा' ही दीर्घकविता लिहिली, त्यामुळे तो आपल्याला माहीत आहे. त्याच्यानंतर जॉन ग्रिफिथ्स आला. 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यानं पुन्हा सगळं रेखाटलं. विद्यार्थी म्हणजे तुमच्यापेक्षा थोडे मोठे. अंधाऱ्या गुहेत, वटवाघळांच्या वासात, हंगामामागून हंगाम त्यांनी काम केलं. त्यातल्याही पुष्कळ नकला लंडनमध्येच 1885 च्या आगीत जळाल्या, उरलेल्या तिथल्या संग्रहालयात आहेत. ग्रंथ निघाला तो ग्रिफिथ्सच्या नावानं. त्याचा मोठेपणा आहेच, पण त्या पोरांची नावं तुम्ही-आम्ही कधी ऐकली?

आणखी एक गोष्ट सांगतो, मग अजिंठा सोडतो. नकला काढताना रंग उजळून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश फिरवलं गेलं. पुढं 1920 च्या सुमाराला निजाम सरकारनं इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा भिंतीला पक्का केला, तो उपकारच, पण वर त्यांनीही लाखेचा थर दिला. काही वर्षांनी हे थर पिवळे पडले आणि रंग झाकोळले. हेतू सगळ्यांचा चांगला होता. जुन्या देवळातल्या दगडी मूर्तीला ऑइलपेंट फासणाऱ्यांचाही हेतू चांगलाच असतो. आपल्या पंचक्रोशीत असं काही ठरत असेल, तर घरी जाऊन वडिलांना सांगा की पैसे वाचवा, दगड दगडासारखाच राहू द्या.

आता एका चित्राकडे येतो. हे तुम्ही नक्की पाहिलंय, कॅलेंडरवर, एखाद्या दुकानात, नाहीतर मोबाइलवर. एक तरुणी उभी आहे, एका हातात दिवा, आणि दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला केलेला. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिथं ते पाहायला गर्दी होते, आणि गर्दीतला कुणी ना कुणी शेजारच्याला सांगत असतो, "राजा रविवर्म्याचं आहे." रविवर्मा 1906 साली वारले. हे चित्र 1945-46 च्या सुमाराचं. ते काढलं सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी, आणि दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या, कोल्हापूरला राहिल्या आणि 2018 साली वयाच्या 102 व्या वर्षी गेल्या. त्यांचा चेहरा देशभर घराघरांत होता, आणि खाली नाव भलत्याचंच सांगितलं जात होतं.

या चित्राचं खरं नवल तुम्हाला सांगतो, कारण तुमच्या दप्तरात जलरंगाची पेटी आहे. हे तैलचित्र नव्हे, जलरंगातलं आहे. तैलरंगात हात चुकला की वरून दुसरा थर देता येतो, उजेड हवा तर पांढरा रंग शेवटी ठेवता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. उजेड म्हणजे कागदाचा पांढरेपणा. तो सुरुवातीपासून राखावा लागतो, एकदा गेला की गेला. आता विचार करा. ज्योत आडोशामागं लपलेली, बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतोय, गळ्यावर आणि हनुवटीखाली तोच उजेड खालून पडलाय, आणि बाकी सगळीकडे अंधार. एवढा गडद अंधार पाण्याच्या रंगानं थरावर थर देत चढवायचा आणि मध्ये ते उजेडाचे ठिपके कोरडे, स्वच्छ ठेवायचे. परीक्षेत तुमच्या आभाळाचा रंग ओघळून झाडात शिरतो ना, त्याच पाण्याशी हळदणकरांची गाठ होती. रविवर्मा फार मोठे, पण त्यांची ख्याती तैलचित्रांची. चित्र जलरंगातलं आहे एवढं जरी पाहणाऱ्याच्या ध्यानात आलं असतं, तरी त्याला शंका यायला हवी होती.

खेड्यात राहून हे कसं जमणार, असं काहींच्या मनात येत असेल. अलिबागजवळ सासवने नावाचं गाव आहे. तिथं 1891 साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपती करायचे, तेवढीच शाळा. या पोरानं देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. फिरतीवर आलेल्या ऑटो रॉथफिल्ड या कलेक्टरानं ते पाहिलं आणि आपण करत नाही तो प्रश्न केला, कुणी काढलं? त्यातून मुलगा जे. जे. मध्ये पोचला. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. अनावरण 1928 चं. एवढा प्रचंड पुतळा त्यांनी तुकडे न जोडता एकसंध ओतवला. आणि इतकं सगळं करून माणूस सासवन्यालाच परत आला. गावातली कोळीण, गडीमाणसं, गुरंढोरं, यांची शिल्पं त्यांनी केली, पुष्कळशी साध्या सिमेंटात. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. राजेरजवाड्यांपेक्षा मला तीच शिल्पं जास्त आवडतात, हे माझं मत. तुम्ही जाऊन तुमचं ठरवा.

आणखी एक चित्रकार, वासुदेव गायतोंडे, यांच्याबद्दल थोडक्यात. जन्म नागपूरचा, 1924 चा, म्हणजे आपल्या विदर्भातला. 2021 साली त्यांचं एक चित्र लिलावात जवळजवळ 40 कोटींना गेलं. आकडा ऐकून आत्ता सगळे गप्प झालात, तसे बाकी भाषणात झाला नव्हतात. पण दिल्लीत ते साध्याशा खोलीत राहिले, वर्षाला मोजकीच चित्रं करायचे, बराच वेळ नुसते बसून असायचे. त्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. रुळानं आणि सुरीनं रंग पसरायचा, कागद दाबून तो उचलायचा, परत थर द्यायचा. 'यात काय आहे?' असं कुणी विचारलं तर मी उत्तर देत नाही. पाच मिनिटं समोर उभा राहा, म्हणतो. काहींना तरीही काही दिसत नाही. चालतं. न आवडण्याचा हक्क पाहून झाल्यावर मिळतो.

मुख्याध्यापक सर, दोन विनंत्या आहेत. बक्षीस वाटपाच्या आधी व्हरांड्यातल्या रांगोळीपाशी ती काढणाऱ्या सगळ्या मुलींची नावं लिहून ठेवा, आडनावासकट. आणि पुढची सहल अजिंठ्याला न्या. एका दिवसात सगळी लेणी उरकायची नाहीत. पहिलं, सोळावं आणि सतरावं, एवढी पुरे. मोबाइल मास्तरांच्या पिशवीत, पोरांच्या हातात वही आणि पेन्सिल. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, आणि भिंतीला बोट लावायचं नाही. तारीख ठरवताना वार मात्र बघा, सोमवारी लेणी बंद असतात.

जय जिजाऊ. आता गाणं लावा.