दूरच्या बेटांची ओळख



जपानच्या दक्षिणेला समुद्रात र्‍युक्यू नावाचे राज्य होते. त्यातील बहुतेक बेटे आज ओकिनावा प्रांतात आहेत. सामान्य जपानी माणसाने ती कधी पाहिली नव्हती. मग त्याला त्यांची माहिती झाली कशी?

एक मार्ग भिक्खूचा. ताइचू नावाचे भिक्खू १६०३ साली चीनला जाण्यासाठी निघाले. तेथे प्रवेश मिळाला नाही, म्हणून ते र्‍युक्यूत सुमारे तीन वर्षे राहिले. तेथील विहार, देवस्थाने व चालीरीती यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. तो १६४८ साली छापला गेला.

दुसरा मार्ग मिरवणुकीचा. १६०९ साली सात्सुमाच्या सरदाराने हे राज्य जिंकले. राजाची गादी मात्र ठेवली, कारण त्याच्यामार्फत चीनशी व्यापार चालत होता. पुढे १६३४ ते १८५० या काळात र्‍युक्यूची १८ शिष्टमंडळे शोगुनच्या भेटीस गेली. रस्त्याच्या दुतर्फा बघ्यांची गर्दी होई, छापील चित्रे व पुस्तिका विकल्या जात. पाहुण्यांचा पोशाख आणि सरंजाम परदेशी थाटाचा दिसावा, असा सात्सुमाचा आग्रह असे. परके राज्य आपल्या अंकित आहे, हे दिसले की सरदाराचा मान वाढे. लोकांनी पाहिले ते धन्याने दाखविलेले रूप!

तिसरा मार्ग पुस्तकांचा. प्रसिद्ध चित्रकार होकुसाई यांनी १८३२ च्या सुमारास र्‍युक्यूची आठ दृश्ये काढली. ते तेथे कधीच गेले नव्हते. एका चिनी ग्रंथातील चित्रे त्यांनी समोर ठेवली होती. एका दृश्यात तर त्यांनी बर्फ दाखविले आहे, आणि ती बेटे उष्ण हवेची!

बेटांवरच्या लोकांचा स्वतःचा शब्दही होता. त्यांची प्राचीन गीते २२ खंडांत संकलित झाली होती. ते काम १६२३ साली पूर्ण झाले. पण रस्त्यावरच्या गर्दीपर्यंत पोचला तो पोशाख. १८७९ साली जपान सरकारने ते राज्यच संपविले.

विद्यार्थी मित्रहो, आमचे सांगणे एवढेच. कोणत्याही समाजाविषयी वाचताना तीन प्रश्न विचारा : लिहिणारा तेथे राहिला होता काय? दाखविणाऱ्याचा त्यात लाभ कोणता? आणि त्या लोकांनी स्वतःविषयी काय लिहून ठेवले आहे? ताइचू त्या लोकांत राहिले, मग त्यांनी लेखणी उचलली. हा क्रम आपणही पाळू या.