हृदयवाहिन्यांचा संकोच व स्टेंटचा उपचार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कोल्हापूर येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं एका व्याधीविषयीं बोलावें, ही सूचना मला प्रथम किंचित् विलक्षण वाटली. परंतु आपल्या घरोघरीं येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते व तिच्यापुढें सायंप्रार्थना होते. तेव्हां प्रभूनें आपणांस दिलेल्या हृदयाची निगा हाही धर्मग्रामांत बोलण्याजोगा विषय आहे, असें मानून मी आपणांपुढें उभा आहें.

हृदय साऱ्या देहाला रक्त पुरवितें. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागतेंच. तें नेणाऱ्या मुख्य वाहिन्या अवघ्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या असतात. वय, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब व रक्तांतील चरबी यांच्या योगानें त्यांच्या अस्तरांत मेदाचे थर सांचतात. मार्ग अरुंद झाला म्हणजे पन्हाळ्याची चढण चढतांना छातींत दडपण येतें व थांबल्यावर ओसरतें. हा झाला दीर्घकालीन विकार. कधीं मात्र तो थर एकाएकीं फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. हाच हृदयविकाराचा झटका. या दोहोंतील भेद लक्षांत ठेवावा; पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

या उपचाराचा इतिहास थोडक्यांत सांगतों. १९२९ सालीं वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरानें स्वतःच्याच हातांतील शिरेंतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली. १९५६ सालीं नोबेल पारितोषिकांत त्याला वांटा मिळाला. १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिच येथें आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं नळीच्या टोंकावरील फुगा फुगवून अरुंद हृदयवाहिनी रुंद केली. भारतांत हा उपचार १९८६ सालीं मद्रासेस डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कळरिक्कल यांनीं प्रथम केला. परंतु फुगा काढल्यावर कित्येकांची वाहिनी कांहीं महिन्यांत पुन्हा आक्रसे. म्हणून त्याच वर्षीं फ्रान्समध्यें तुलूझ येथें झाक प्युएल यांनीं, व स्वित्झर्लंडमध्यें लोझान येथें उलरिक सिगवार्ट यांनीं, वाहिनींत धातूच्या जाळीची नळी कायमची बसविली. तीच स्टेंट. पुढें २००२-०३ पासून औषधाचा लेप असलेले स्टेंट प्रचारांत आले व पुनःसंकोचाचें प्रमाण बरेंच घटलें. मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनींतून हें काम होतें; छाती उघडावी लागत नाहीं, आणि रुग्ण बहुधा जागाच असतो.

आतां मुख्य प्रश्न. स्टेंट केव्हां हवा? झटका आला असतां विलंब हाच शत्रु होय, कारण रक्तावांचून हृदयाचा स्नायु क्षणोक्षणीं मरत असतो. तेव्हां "वायु धरला" म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट पाहणें अत्यंत घातक. छातींतील दडपण, घाम, धाप, डाव्या हातांत किंवा जबड्यांत कळ ही लक्षणें ओळखावीं. स्त्रियांत व मधुमेह्यांत छातींतील कळ कमी असून नुसती धाप व ग्लानि असूं शकते. अशा वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शहरांत थोरला दवाखाना, म्हणजे सी. पी. आर., आहेच. चंदगड-गगनबावड्यासारख्या दूरच्या भागांतील रुग्णानें जवळच्या रुग्णालयांत ईसीजी काढून घ्यावा. तेथें गुठळी विरघळविणारें इंजेक्शन मिळालें, तर पुढील प्रवासास अवधि मिळतो. फादरांनाही निरोप धाडावा. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणोन्मुखांचा संस्कार नव्हे, गंभीर आजारांत तो घेतां येतो. मात्र रुग्णवाहिका आधीं.

दीर्घकालीन, स्थिर विकाराची गोष्ट निराळी. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'करेज' व २०२० सालच्या 'इस्केमिया' या मोठ्या अभ्यासांत असें दिसलें कीं, अशा बहुतेक रुग्णांत योग्य औषधांच्या जोडीस स्टेंट घातल्यानें छातींतील दुखणें कमी होतें, पण मृत्यु टळण्याचें प्रमाण वाढत नाहीं. डाव्या बाजूची मुख्य वाहिनीच अरुंद असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून झटका नसतां कोणी स्टेंट सुचविला, तर घाबरून शेत गहाण टाकूं नये. माझा विकार कोणत्या जातीचा, औषधांनीं भागेल काय, बायपास बरें काय, हें नम्रपणें विचारावें व हवें तर दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घ्यावें. असें विचारण्यांत डॉक्टरांचा अपमान नाहीं.

खर्चाविषयींही सांगितलें पाहिजे. पूर्वीं एकेका स्टेंटसाठीं लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत. फेब्रुवारी २०१७ मध्यें सरकारनें कमाल किंमत ठरविली. साध्या स्टेंटची ७,२६० व औषधलेपाच्या स्टेंटची २९,६०० रुपये, कर वेगळे. पुढें हे आंकडे वेळोवेळीं बदलले आहेत. बिलांत स्टेंटची किंमत व कंपनीचें नांव स्वतंत्र लिहिलेलें असावें, हें पाहून घ्यावें. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतही हा उपचार येतो. संलग्न रुग्णालयांतील आरोग्यमित्रास विचारावें.

शेवटचें, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें. स्टेंट एका जागेचा संकोच दूर करतो, आजार दूर करीत नाहीं. रक्त गोठूं न देणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने, झटक्यानंतर बहुधा वर्षभर, घ्याव्या लागतात. मनानें बंद केल्यास स्टेंटमध्येंच गुठळी होऊन प्राणावर बेततें. कित्येक वृद्ध मंडळी पवित्र कम्युनियनपूर्वीं सकाळची गोळी टाळतात. तसें करूं नये. पाणी व औषध यांनीं कम्युनियनचा उपवास मोडत नाहीं, असा पवित्र सभेचाच नियम आहे. आणि आजाऱ्यांस तपःकाळांतील उपवासाचें बंधन नाहीं. उपवास करावयाचाच, तर तंबाखूचा करावा. शेजारच्या निपाणीची ख्याति ज्या पिकानें झाली, त्यानेंच आपल्या कित्येक घरांतील कर्ते पुरुष अकालीं नेले आहेत.

दयाळू शोमरोन्यानें जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला, आणि तेवढ्यावर न थांबतां पुढील शुश्रूषेचे पैसेही उतारशाळेच्या मालकापाशीं ठेवले. डॉक्टर वाहिनी मोकळी करतील. पुढील शुश्रूषा रुग्णाची, त्याच्या घरच्यांची व आपणां शेजाऱ्यांची. धर्मग्रामांतील प्रत्येक हृदयरुग्णाच्या गोळ्या चालू आहेत ना, एवढी चौकशी आपण मिस्सानंतर चर्चच्या दारांत परस्परांस केली, तरी हा महोत्सव सार्थकीं लागला असें मी समजेन. प्रभु येशूचें पवित्र हृदय आपणां सर्वांस आरोग्य देवो.