पाखरांच्या मागावरचा प्रवास
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आमच्या भाषणाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापून येताच एका वडीलधाऱ्या बंधूंनी आम्हांस विचारले, "मास्तर, शिकारीच्या गोष्टी ज्ञातीच्या व्यासपीठावर कशाला?" प्रश्न रास्त आहे. परंतु आपल्या मंडळींची मुले-लेकी आता दूरदेशी नांदू लागली आहेत, आणि तेथील लोक सुटीच्या दिवशी काय करतात, का करतात, हे आपण पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते. आम्ही स्वतः बंदुकीस हात लावलेला नाही. आम्ही केवळ चाललो आणि पाहिले.

आमचे जामात अमेरिकेतील साउथ डकोटा संस्थानात सू फॉल्स शहरी नोकरीस आहेत. त्यांचे शेजारी दरवर्षी ऑक्टोबरात आपले दोन कुत्रे मोटारीत घालून पश्चिमेकडे पिअर या राजधानीच्या बाजूस जातात. सुमारे सव्वादोनशे मैलांची ही वाट. मिसूरी नदी जवळ येऊ लागली की मक्याची शेते विरळ होतात आणि गवताळ माळ सुरू होतो. तो पाहून आम्हांस सोलापूरकडील माळरानाची आठवण झाली. फरक एवढाच की तेथे वारा बोचरा थंड.

ज्या पक्ष्यासाठी एवढी यातायात, तो फेझंट मूळचा अमेरिकेचा नव्हे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. तो चीनचा. शांघाय येथील अमेरिकन वकील ओवेन डेनी यांनी १८८१-८२ च्या सुमारास हे पक्षी ऑरेगॉनमध्ये धाडले. पुढे ते डकोटात आणून सोडण्यात आले. १९१९ साली तेथे पहिला शिकारीचा हंगाम झाला, तोही एका तालुक्यापुरता आणि एकाच दिवसाचा. १९४३ मध्ये तर हा परदेशी पाहुणा त्या संस्थानाचा अधिकृत पक्षी ठरला!

आता कुत्र्यांविषयी. शेजाऱ्यांजवळ एक म्हातारा सेटर आणि एक तरुण जर्मन पॉइंटर होता. या जातींचे कुत्रे पाखरावर झडप घालीत नाहीत. वाऱ्याकडे तोंड करून ते गवतात डावी-उजवीकडे धावतात, आणि वास येताच जागच्या जागी पुतळ्यासारखे उभे राहतात: शेपटी ताठ, एक पाय उचललेला, नाक पाखराच्या दिशेस. पाखरू आपण लपलो आहोत या भरवशावर दबून बसते. एका कुत्र्याने असे दाखविले की दुसऱ्याने मागेच थांबून त्याचा मान राखावयाचा, हीही शिकवण. ही विद्या बंदुकीहून जुनी आहे. पूर्वी इंग्लंडात सेटर जमिनीलगत दबून बसे आणि माणसे पाखरांवर जाळे टाकीत.

आमच्या डोळ्यांदेखत तरुण कुत्र्याने तीन वेळा घाई केली आणि तीन वेळा पाखरे लांबूनच उडाली. म्हातारा मात्र फेझंट पळतो हे जाणून होता. तो चार पावले पुढे सरके, थांबे, पुन्हा सरके. चाळीस वर्षे वर्गात उभे राहिलेल्या माणसास हे दृश्य पाहून काय वाटले असेल, ते येथे बसलेल्या शिक्षकबंधूंस सांगावयास नको.

एकदा कुत्रा थांबला, शेजारी पुढे गेले, आणि पायाशीच पाखरू फडफडत उडाले. बंदूक खांद्यास लागली होती. ती तशीच खाली आली. मादी होती. तेथे केवळ नर मारता येतो, तेही दिवसास तीन. आसपास पहावयास कोणी शिपाई नव्हता. दिवसभरात पाच-सहा कोस चालून त्यांस एकच नर मिळाला, आणि ते त्यावर समाधानी दिसले.

येथे आम्हांस आपल्याकडील एक गोष्ट आठवते. फासे लावून तित्तर धरणाऱ्या पारध्यांस इंग्रज सरकारने कायद्याच्या आधारे गुन्हेगार जमातीत घातले. तो शिक्का १९५२ साली निघाला. साहेब परवाना घेऊन मारी तो शौकीन, आणि पोटासाठी धरी तो गुन्हेगार! असो.

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद झाली. ते योग्यच झाले असे आमचे मत आहे. परंतु बंदूक गेली तरी माळढोक वाचला काय? नान्नजला अभयारण्य होऊनही तो आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला, कारण माळ नांगराखाली गेले आणि विजेच्या तारा आडव्या आल्या. उलट अमेरिकेत बंदुका व काडतुसे यांवरील कर १९३७ च्या कायद्यान्वये वन्यप्राण्यांच्या रक्षणास लागतो, आणि १९८५ पासून तेथील सरकार शेतकऱ्यांस जमीन न नांगरता गवताखाली ठेवण्याबद्दल पैसे देते. मारणाराच राखण्याचा खर्च देतो, हा हिशेब आमच्या मनास अद्याप पुरता पटलेला नाही. पण तो हिशेब आहे, हे मान्य केले पाहिजे.

आम्ही ज्या शेतात फिरलो त्याचा मालक सायंकाळी कुंपणापाशी भेटला. त्याच्या गवताचा दहा वर्षांचा करार त्याच वर्षी संपत होता. मक्यास भाव चांगला होता आणि मुलाच्या शिक्षणाचे कर्ज डोक्यावर होते. शेजाऱ्यांनी त्यास गवत राखण्याविषयी एक शब्दही सांगितला नाही; मिळालेला एक नर त्याच्या हाती दिला आणि कुत्र्यांच्या पायांतले काटे काढीत बसले. पुढल्या चैत्रात जामातांचे पत्र आले. अर्धे गवत नांगरले गेले होते. ओढ्याकडील अर्धे त्याने ठेवले होते.