रेडिओवरचा डॉक्टर, रेडिओवरचा वाद



डॉक्टर आणि प्रसारक या संमेलनात एकाच मांडवात जमले असताना दोघांनाही चिकटलेला एक जुना वाद चर्चेला घेणे योग्य ठरेल. आजाऱ्याची सोय सरकारने करायची, की ती त्याच्या खिशावर आणि खाजगी दवाखान्यावर सोडायची? हा वाद कायदेमंडळांत झाला आणि न्यायालयांतही झाला. पण ब्रिटन आणि अमेरिकेत तो घराघरांत पोहोचवला तो मुख्यतः रेडिओने.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बीबीसीवर सकाळी एक जाड, घोगरा आवाज ऐकू येई. रेशनच्या दिवसांत काय खावे, बद्धकोष्ठ कसा टाळावा, पोरांचे पोट कसे सांभाळावे, हे तो आवाज घरगुती भाषेत सांगे. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करू नये या व्यवसायनियमामुळे त्याचे नाव जाहीर होत नसे. श्रोत्यांसाठी तो फक्त ‘रेडिओ डॉक्टर’ होता. त्याचे खरे नाव चार्ल्स हिल. १९४४ पासून हाच माणूस ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचा सचिव होता आणि राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या योजनेविरुद्ध डॉक्टरांची बाजू लढवत होता.

समोर आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये असोसिएशनने डॉक्टरांचे मत आजमावले, तेव्हा ४०,८१४ डॉक्टर विरोधात गेले आणि बाजूने निघाले अवघे ४,७३५. सेवा सुरू व्हायला पाच महिनेही उरले नव्हते. बेव्हननी मग तडजोडी केल्या. डॉक्टरांना पगारी नोकर करण्याचा मार्ग नव्या कायद्याशिवाय घेतला जाणार नाही, अशी हमी दिली. तज्ज्ञांना सरकारी रुग्णालयातच खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा तर आधीच ठेवलेली होती. विरोध ओसरला. ४ जुलैला पंतप्रधान ॲटली रेडिओवरून देशाशी बोलले आणि दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली.

या तडजोडीतून उभे काय राहिले? अडीच हजारांहून अधिक रुग्णालये सरकारच्या ताब्यात आली, पण गल्लीतला फॅमिली डॉक्टर स्वतंत्र व्यावसायिकच राहिला. तो सरकारशी करार करतो आणि दवाखाना स्वतः चालवतो. सरकारी वैद्यकाचा सर्वांत ठळक नमुना म्हणून ज्या व्यवस्थेकडे बोट दाखवले जाते, तिच्या पोटात असा खाजगी व्यवसाय पहिल्या दिवसापासून आहे. पुढे याच सेवेचे कितीतरी दवाखाने भारतातून गेलेल्या डॉक्टरांनी सांभाळले, त्यांत मराठी डॉक्टरही होते. आणि हिल? ते १९५० मध्ये पार्लमेंटात निवडून गेले आणि १९६७ मध्ये थेट बीबीसीचे अध्यक्ष झाले.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याची मागणी काँग्रेसपुढे ठेवली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलरची वर्गणी मागितली आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिटेकर अँड बॅक्स्टर या प्रचारसंस्थेला काम दिले. पत्रके, वर्तमानपत्रे, रेडिओ, सगळीकडून एकच गोष्ट कानांवर पडू लागली: डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये सरकार घुसणार. ट्रुमन यांची योजना बारगळली.

१९६१ मध्ये वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याचे विधेयक आले, तेव्हा असोसिएशनने अभिनेते रोनाल्ड रेगन यांच्या आवाजात एक ध्वनिमुद्रिका काढली. सुमारे दहा-अकरा मिनिटांची. डॉक्टरांच्या पत्नींनी शेजारणींना कॉफीला बोलवायचे, तबकडी वाजवायची आणि तिथेच बसून आपापल्या प्रतिनिधीला पत्रे लिहून घ्यायची, अशी ही मोहीम होती. पत्रे आपण होऊन लिहिल्यासारखी दिसावीत, याची काळजी घेतली जात होती. रेगन हे मूळचे रेडिओचे माणूस. आयोवातल्या स्टेशनवर असताना तारेने येणाऱ्या त्रोटक संदेशांवरून ते न पाहिलेल्या बेसबॉल सामन्याचे धावते वर्णन करत. न पाहिलेले डोळ्यांपुढे उभे करण्याची ही कला आरोग्याच्या वादातही कामाला आली. तरीही ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांच्या या विम्याच्या, म्हणजे मेडिकेअरच्या, कायद्यावर सही केली. त्यासाठी ते मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी गेले आणि पहिले कार्ड वृद्ध ट्रुमन यांच्या हाती ठेवले.

यानंतर रेडिओच बदलला, आणि वादाची रीतही.

आधी, १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘अमेरिकाज टाउन मीटिंग ऑफ द एअर’ या कार्यक्रमात जॉर्ज डेनी हे सूत्रधार दोन्ही बाजूंचे वक्ते समोरासमोर बसवत आणि सभागृहातल्या श्रोत्यांना प्रश्न विचारू देत. १९४९ पासून प्रसारकांवर ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’चे बंधन होते. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्न मांडायचा तर दुसऱ्या बाजूलाही वाव द्यायचा. ऑगस्ट १९८७ मध्ये हे बंधन उठले. वर्षभराने उजव्या विचारांचे निवेदक रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. आता सूत्रधार पंच राहिला नाही, तो स्वतःच एक पक्ष झाला. १९९३-९४ मध्ये क्लिंटन यांच्या १,३४२ पानांच्या आरोग्य विधेयकाची रोज तासन्‌तास चिरफाड झाली ती अशा कार्यक्रमांत. विधेयक सभागृहात मताला न येताच विरले. डाव्यांनीही २००४ मध्ये ‘एअर अमेरिका’ नावाचे आपले जाळे उभारले, पण ते २०१० च्या जानेवारीत बंद पडले.

या काळातले सर्वांत बोलके उदाहरण जुलै २००९ चे आहे. ओबामांच्या आरोग्य विधेयकावर चर्चा चालली होती. विधेयकाच्या विरोधक बेट्सी मॅककॉघी या माजी सिनेटर फ्रेड थॉम्प्सन यांच्या रेडिओ कार्यक्रमात म्हणाल्या की, वृद्धांना दर पाच वर्षांनी सक्तीचे समुपदेशन होणार आणि आयुष्य लवकर कसे संपवावे हे त्यांना सांगितले जाणार. मूळ कलमात सक्ती नव्हती. शेवटच्या आजारात आपल्याला कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे रुग्णाला डॉक्टरशी बोलायचे असेल तर त्या वेळेची फी मेडिकेअरने द्यावी, एवढाच त्याचा आशय होता. पण तीन आठवड्यांत रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी ‘डेथ पॅनेल’ हा शब्दप्रयोग केला आणि गावोगावच्या सभा तापल्या. ओबामांना स्वतः एका रेडिओ कार्यक्रमात श्रोत्यांचे फोन घ्यावे लागले. कलम शेवटी गाळलेच गेले. मार्च २०१० मध्ये कायदा झाला तो त्याच्याशिवाय. गंमत अशी की, १ जानेवारी २०१६ पासून मेडिकेअर याच सल्ल्याची फी देऊ लागले, आणि तेव्हा कोणी फारसा आवाज केला नाही.

२००९ च्याच उन्हाळ्यात साउथ कॅरोलिनातल्या एका सभेत एका नागरिकाने आपल्या लोकप्रतिनिधीला बजावले की, सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. मेडिकेअर ही सरकारचीच योजना. यावर अमेरिकेत खूप हसू झाले. पण त्या माणसाच्या बोलण्यात एक सरळ तर्क होता. त्याच्या दृष्टीने त्याचा डॉक्टर खाजगी, त्याचे रुग्णालय खाजगी, आणि ते त्याने स्वतः निवडलेले. बिल कोण भरतो हे त्याला दिसतच नव्हते.

रेडिओवरच्या या साऱ्या वादाची गाठ इथेच आहे. तिथे एकमेकांत मिसळले जाणारे प्रश्न खरे तर तीन आहेत. पैसे कोण भरतो? दवाखाना कोणाचा? आणि कोणाला, कोणता उपचार, केव्हा मिळेल हे कोण ठरवतो? ब्रिटनमध्ये पैसे सरकार भरते आणि रुग्णालयेही बहुतांशी सरकारी आहेत. कॅनडात पैसे सरकार भरते, पण डॉक्टर खाजगी व्यावसायिक असतात. १९६२ मध्ये सस्कॅचवन प्रांतात ही योजना आली तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. तो मिटला तोही दर सेवेमागे फी घेण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरांकडे राखूनच. अमेरिकेत निवृत्त सैनिकांची रुग्णालये पूर्णतः सरकारी आहेत, वृद्धांचा विमा सरकारी आहे, आणि नोकरदाराचा विमा त्याच्या मालकामार्फत खाजगी कंपनीकडे आहे. ‘सरकारी विरुद्ध खाजगी’ असा सरळ सामना लावला की हे सारे बारकावे पुसले जातात आणि उरतो तो आपापल्या बाजूचा जयघोष.

फोन करणाऱ्या श्रोत्याची कहाणी मात्र खोटी नसते, आणि ती दोन्ही बाजूंना असते. क्युबेकच्या जॉर्ज झेलिओटिस यांना खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी सुमारे वर्षभर ताटकळावे लागले. त्यांचा खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २००५ मध्ये न्यायालयाने खाजगी विम्यावरची क्युबेकची बंदी प्रांताच्या हक्कांच्या सनदेशी विसंगत ठरवली. दुसऱ्या टोकाचे उदाहरण दुर्धर आजाराने ग्रासलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे. २००९ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने लिहिले की, हॉकिंग ब्रिटनमध्ये असते तर वाचले नसते. हॉकिंग जन्माने ब्रिटिश आणि राहायला केंब्रिजलाच होते. आपण जिवंत आहोत ते राष्ट्रीय आरोग्य सेवेमुळेच, असे त्यांनी सांगितले. इंग्लंडमध्ये २०२३ मध्ये प्रतीक्षायादी ७७ लाखांच्या आसपास पोहोचली, हे खरे. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्चते आणि तरीही अडीच कोटींवर माणसे विम्याबाहेर राहतात, हेही खरे. रांग दोन्हीकडे आहे. एका देशात ती तारखेची असते आणि दुसऱ्या देशात ऐपतीची. ऐपतीच्या रांगेतला माणूस यादीवर दिसत नाही, म्हणून तो रेडिओवरही कमी ऐकू येतो.

हा वाद आपल्याला परका नाही. १९४४ मध्ये हेन्री सिगरिस्ट या वैद्यकाच्या इतिहासकाराने सस्कॅचवनच्या नव्या सरकारसाठी आरोग्यसेवेचा आराखडा केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते भारतातल्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचे सल्लागार म्हणून भारतात आले. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर अहवालाने १९४६ मध्येच मांडले. पण प्रत्यक्षात २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा अजून कुटुंबांच्या खिशातून जात होता. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे घट मोठी आहे. तरी शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण टाकणारी घरे प्रत्येक तालुक्यात सापडतात.

महाराष्ट्रात तर तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरे रोज एकाच रस्त्यावर दिसतात. जिल्हा रुग्णालयात इमारत, डॉक्टर आणि पैसा सरकारचा. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत पैसा सरकारचा आणि रुग्णालय बहुधा खाजगी. ही योजना सर्व कुटुंबांना लागू करून पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. आणि कॅशलेस कार्ड घेऊन आलेला नोकरदार मंजुरी येईपर्यंत काउंटरवर बसून राहतो, तिथे निर्णय ना डॉक्टरचा ना सरकारचा, तो विमा कंपनीचा. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला, तेव्हा खाजगी डॉक्टर रस्त्यावर आले. आणीबाणीत आगाऊ पैसे न घेता उपचार करायचे, तर ते पैसे नंतर कोण आणि कधी देणार, हा त्यांचा प्रश्न होता. सस्कॅचवनच्या संपाची आठवण व्हावी असाच तो प्रसंग.

आपल्याकडच्या खाजगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरचे कार्यक्रम करण्याची मोकळीक नाही. त्यामुळे अमेरिकी पद्धतीचा आरडाओरडा इथे नाही, पण मोकळी चर्चाही कमीच आहे. आकाशवाणीवर डॉक्टर मधुमेहावर बोलतात, बालदम्यावर बोलतात. इन्सुलिनचे पैसे कोणी भरावेत यावर क्वचितच. पॉडकास्टमुळे ही जागा आता भरता येईल.

ती भरताना काही पथ्ये या संमेलनाने सुचवावीत. बोलणाऱ्या डॉक्टरचे स्वतःचे रुग्णालय असेल, किंवा कार्यक्रमाला विमा कंपनीची जाहिरात असेल, तर ते सुरुवातीलाच सांगितले जावे. आलेल्या फोनवर निवेदकाने हळहळ व्यक्त करून थांबू नये. बिल किती झाले, ते कोणी भरले, नकार कोणी दिला, हे विचारावे. एखाद्या कायद्यावर आरोप झाला, तर ते कलम त्याच कार्यक्रमात मराठीत वाचून दाखवावे. २००९ मध्ये एवढे जरी झाले असते, तरी एक उपयोगी कलम वाचले असते.

दुपारच्या परिसंवादासाठी एक विषय सुचवावासा वाटतो, तो धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खालच्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम वेगळी काढली जाते. मालकी विश्वस्तांची, पैसा दुसऱ्या रुग्णाचा, आणि दाराशी आलेला माणूस निर्धन आहे की नाही हे ठरवणार कागदपत्रे पाहणारा कर्मचारी. वक्त्यांनी या उदाहरणापासून सुरुवात करावी, आणि प्रश्नोत्तरांत पहिली संधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना द्यावी, अशी विनंती आहे.