यंत्र जुनं चालेल, किल्ली आपली हवी

(कार्यकर्त्यांच्या जिल्हा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून पोटगी, समुपदेशन, पोलीस ठाण्यातले अनुभव यांवर बोलणं झालं. मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं आहे. हा विषय निघाला की निम्म्याजणी चहाला उठतात आणि उरलेल्या म्हणतात, "ते आमच्याकडे एक मुलगा बघतो." तो मुलगा चांगलाही असेल. पण आपल्याकडे आलेल्या बायकांच्या जबान्या, पत्ते, दवाखान्याचे कागद ज्या यंत्रात आहेत त्याचा पासवर्ड त्याला माहीत आणि आपल्याला नाही, हे कसं चालेल? कपाटाची किल्ली आपण अशी कुणाला दिली असती का?

आता रिमोट डेस्कटॉप म्हणजे काय ते बघू. केंद्रातला कॉम्प्युटर केंद्रातच चालू राहतो. तालुक्याला बसलेल्या कार्यकर्तीच्या यंत्रावर त्याच्या पडद्याचं चित्र तेवढं येतं. तिने दाबलेली बटणं आणि माउसची हालचाल उलट केंद्राकडे जाते. फाइल जागची हलत नाही. पेनड्राइव्ह एसटीत राहिला, जबानी व्हॉट्सअॅपच्या भलत्याच गटात गेली, हे प्रकार टळतात. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी, तिने आपल्यावर टाकलेला विश्वास आहे.

यात जुन्या यंत्राची सोय होते, कारण जड काम केंद्रातलं यंत्र करतं. घरच्याने चित्र दाखवायचं. २ जीबी मेमरीचा, कुणी टाकून दिलेला लॅपटॉपही त्याला पुरतो. मात्र विंडोज ७ च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या आणि विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणून अशा यंत्रावर लुबुंटूसारखं हलकं, फुकट मिळणारं लिनक्स टाकावं. त्यात 'रेमिना' नावाचा प्रोग्रॅम घेतला की केंद्राच्या यंत्राशी जोडता येतं.

केंद्रातलं यंत्र विंडोजचं असेल तर आवृत्ती बघा. 'होम' आवृत्ती दुसऱ्या यंत्राशी जोडून घेते, पण स्वतःच्या आत येऊ देत नाही. त्यासाठी 'प्रो' लागते. जुनं यंत्र विकत घेताना दुकानदाराला हे आधी विचारा. प्रो मध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन रिमोट डेस्कटॉप चालू करायचं, यंत्र झोपी जाणार नाही असं ठरवायचं आणि वीज गेली-आली की आपोआप सुरू होण्याची सोय बायोसमध्ये असेल तर तीही लावायची. आपल्याकडचं भारनियमन लक्षात घेता हे विसरू नका.

नेट मंद असेल तर जोडणीच्या खिडकीतच फेरफार करता येतात. रंग ३२ बिटऐवजी १६ बिट ठेवा. पडद्यामागचं चित्र, खिडक्यांची हालचाल, आवाज बंद करा. अक्षरं थोडी खडबडीत दिसतील, पण काम अडत नाही. तिथेच 'लोकल रिसोर्सेस'मध्ये प्रिंटर, क्लिपबोर्ड आणि ड्राइव्ह यांच्यावरच्या खुणा काढून टाका. म्हणजे केंद्रातला मजकूर घरच्या यंत्रावर चुकूनही उतरणार नाही. आणखी एक फायदा आहे. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेले अर्ज घरी उघडले की नुसती चिन्हं दिसतात. इथे फाँट केंद्रातल्या यंत्राचा वापरला जातो, त्यामुळे ते नीट वाचता येतात.

दुसरा मार्ग व्हीएनसीचा. तो १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ओलिव्हेट्टी प्रयोगशाळेत तयार झाला आणि फार जुन्या यंत्रांवरही चालतो. पण फरक ध्यानात घ्या. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने जोडलं की केंद्रातला पडदा कुलूपबंद होतो. व्हीएनसीत साधारणपणे तोच पडदा दोन्हीकडे दिसतो. तुम्ही घरी बसून जबानी वाचत असाल, तर केंद्रात झाडू मारायला आलेला, मीटर बघायला आलेला, कुणीही ती वाचेल. शिवाय जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात आणि मजकूर सांकेतिक न होता उघडाच जातो. तो बंदिस्त मार्गातूनच वापरावा.

बंदिस्त मार्ग म्हणजे व्हीपीएन. काही तंत्रज्ञ घाईत राउटरमधून ३३८९ क्रमांकाचं दार सरळ इंटरनेटवर उघडतात. ते करू देऊ नका. मे २०१९ मध्ये विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये 'ब्लूकीप' नावाचं भगदाड उघडकीला आलं. त्यातून पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. ज्या एक्सपीची देखभाल २०१४ मध्येच संपली होती, त्याच्यासाठीही मायक्रोसॉफ्टला तेव्हा दुरुस्ती काढावी लागली. आधी व्हीपीएन, मग रिमोट डेस्कटॉप, हा क्रम तंत्रज्ञाकडून लावून घ्या आणि शेजारी बसून लिहून घ्या.

एनीडेस्कसारखे झटपट प्रोग्रॅम तुमच्यातल्या अनेकींनी पाहिले असतील. समोरच्याला आकडा सांगितला की तो आपल्या यंत्रात येतो. ते गैर नाही, पण आकडा सांगणं आणि परवानगी देणं म्हणजे किल्ली देणं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही या वाटेने होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला आकडा देऊ नका. दुरुस्ती झाल्यावर प्रोग्रॅम बंद करा. मालक समोर नसतानाही आत येण्याचा कायमचा पासवर्ड कुणी लावून ठेवला आहे का, तेही तपासा.

आता घराचं बोलू. हेच साधन बायकोवर पाळत ठेवायलाही वापरता येतं. "तुझा कॉम्प्युटर नीट करून देतो" म्हणून नवरा तो बसवतो आणि तिची पत्रं वाचतो. अशी शंका घेऊन बाई आली तर तिला "लगेच काढून टाक" म्हणू नका. काढलं की त्याला कळतं आणि मार वाढू शकतो. आधी तिच्या सुरक्षिततेचा बेत ठरवा. तोवर तिने आपल्याशी संपर्क दुसऱ्या यंत्रावरून, दुसऱ्या फोनवरून करावा. पुरावा म्हणून त्याची नोंद कशी ठेवायची हे वकील मैत्रिणीला विचारा.

शेवटी आपल्या घरातली शिस्त. प्रत्येक कार्यकर्तीचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा. एकच पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला नको. कुणी काम सोडलं की त्याच दिवशी तिचं खातं बंद करायचं. यात अविश्वास मानू नये, कपाटाची किल्लीही आपण परत घेतोच. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकीलाच काम करता येतं, म्हणून वेळा वाटून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने एक कागद आणावा. आपल्या यंत्रात बाहेरून कोण कोण येऊ शकतं, कशाने, आणि कुणाच्या परवानगीने, एवढंच त्यावर लिहावं. ज्यांना लिहिता येणार नाही, त्यांच्यापासून आपण सुरुवात करू. पेचकस मी घेऊन येते.