खिडकीतला सांबार



कामगार संघटनेच्या माणसाने बोनस-बडतर्फी सोडून मुलांबरोबर घरात सांबार लावण्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पुण्या-मुंबईचे पाहुणे बसले असतील त्यांच्यासाठी सांगतो, सांबार म्हणजे त्यांची कोथिंबीर. आमच्याकडे वडीसुद्धा सांबाराचीच.

सुरुवात मात्र सांबारापासून करू नका. धने उगवायला आठ-दहा दिवस घेतात आणि मुलाचा धीर तिसऱ्या दिवशी सुटतो. मेथी घ्या. रात्रभर भिजवून फुटक्या माठाच्या खापरात पेरली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मान वर काढते. टिनाचा डबा फुकट मिळतो खरा, पण आपल्या उन्हात तो तव्यासारखा तापतो. मातीचे भांडे बरे, आणि त्याच्या बुडाला भोक हवेच. पुदिन्याला तर बीही नको. जुडीतली एक ताजी काडी काचेच्या पेल्यात पाण्यात ठेवा. आठवड्या-दीड आठवड्यात पांढरी मुळे फुटतात आणि मुलाला ती डोळ्यांनी दिसतात. सांबार दसऱ्यानंतर लावा. नागपूरच्या वैशाखात तो पानांनी भरण्याआधीच फुलावर येतो. धना हलक्या हाताने रगडून त्याच्या दोन फाकी करायच्या, कारण आपण ज्याला एक दाणा म्हणतो ते फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. हे रगडणे मुलाकडेच द्यावे, पाणीही त्यानेच घालावे. आईने गुपचूप घातले तर झाड आईचे होते.

आता पुदिन्याची एक गोष्ट. इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकाने १७७१ च्या ऑगस्टमध्ये, मेणबत्ती जळून विझली त्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यांनी दाखवून दिले की वनस्पतीचे हे काम उजेडातच चालते. अंधारात तीही आपल्यासारखी हवा बिघडवते. यावरून कोणी म्हणेल की कुंडी ठेवा, खोलीची हवा शुद्ध होईल, तर त्याचे ऐकू नका. एका कुंडीने तसे काही होत नाही. हवेला खिडकी लागते.

आणि इथे मी माझ्या नेहमीच्या कामावर येतो. वस्त्यांतून हिंडताना एका दाराच्या, बिनखिडकीच्या खोल्या मी पुष्कळ पाहतो. तिथली मेथी लांबट, पिवळी, दाराकडे झुकलेली असते. १९४८ च्या कारखाना कायद्याने कलम १३ मध्ये खेळती हवा आणि कलम १७ मध्ये पुरेसा उजेड मालकावर बंधनकारक केला. म्हणजे बापाच्या पाळीपुरता उजेड कायद्यात आला. त्याची पोरे दिवसभर ज्या खोलीत असतात तिचे काय? भाड्याने खोली घेताना आपण नळ विचारतो, विजेचे मीटर विचारतो, उजेड विचारीत नाही.

म्हणून एवढे करून पाहा. मेथीची दोन खापरे घ्या, एक दारा-खिडकीपाशी, एक आतल्या काळोख्या कोपऱ्यात. आठ दिवस मुलाला दोरीने उंची मोजू द्या. काळोखातली मेथी उंच जाईल आणि मूल टाळ्या वाजवील. मग त्याला पानांचा रंग पाहायला सांगा. आणि घरमालकाकडे खिडकी मागायला जाल तेव्हा दोन्ही खापरे बरोबर न्या, मुलालाही न्या.