घड्याळ नवं, पण घड्याळजी कुठे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मी जुनी मनगटी घड्याळं जमवतो, म्हणून संयोजकांनी मला घड्याळांवर बोलायला सांगितलं. 'घड्याळांचा माणूस आहेस, तेव्हा निदान तू तरी वेळ पाळ' अशी तंबीही दिली. पुण्यात ती गरजेचीच आहे.

आपल्यातल्या ज्येष्ठ मंडळींना पहिलं घड्याळ बहुधा मॅट्रिक झाल्यावर मिळालं आणि ते बहुधा एचएमटीचं होतं. एचएमटी हा सरकारी कारखाना 1953 साली बंगळूरला सुरू झाला, तो यंत्रं बनवण्यासाठी. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिथे घड्याळं बनू लागली. जनता, पायलट, जवान, कोहिनूर ही नावं अजून अनेकांच्या तोंडी आहेत. रोज सकाळी चावी द्यायची की दिवसभराची चिंता मिटली. त्या 'जनता'चं चक्र तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे होतात 4 लाख 32 हजार. सुट्टी नाही, रजा नाही!

मग क्वार्ट्झ आलं. जपानच्या सेकोने 1969 च्या डिसेंबरमध्ये पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. आपल्याकडे 1984 मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली आणि तिने क्वार्ट्झवरच भर दिला. चावीची घड्याळं कपाटात गेली. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला केंद्र सरकारने जानेवारी 2016 मध्ये मंजुरी दिली. गंमत अशी, की बंद होणार ही बातमी 2014 मध्ये पसरली तेव्हा वर्षानुवर्षं तिकडे न फिरकलेली माणसं दुकानांत 'जनता' मागू लागली. आपल्याकडे माणसाची किंमत निरोप समारंभात कळते, तसंच हे!

आता उलटा प्रवास चालू आहे. क्वार्ट्झवर मोठ्या झालेल्या टायटननेच 2025 मध्ये 'जलसा' नावाचं यांत्रिक घड्याळ काढलं. फक्त दहा नग, प्रत्येकी सुमारे साडेचाळीस लाख रुपये. आपल्या वाडवडिलांच्या ओळखीचं फाव्र लुबा हे स्विस नाव मधल्या काळात टायटनकडे होतं. ते आता एथॉस या भारतीय कंपनीच्या समूहाकडे आहे आणि 2024 मध्ये जिनिव्हात त्याची नवी घड्याळं आली. किमती लाखांच्या घरात.

'जलसा'मध्ये टूरबिलॉन आहे. हे काय प्रकरण आहे? घड्याळ उभं धरलं की गुरुत्वाकर्षणामुळे त्याची चाल किंचित बदलते. म्हणून ब्रेगे नावाच्या कारागिराने ठोके देणारा सगळा भाग एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरता ठेवला, म्हणजे चुका एकमेकींना खोडतील. 1801 मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळाला त्याचा उपयोग होता. मनगट तर सारखं हलतच असतं. त्यामुळे आज टूरबिलॉन घेतात ते वेळेसाठी नव्हे, कारागिरीसाठी. स्वित्झर्लंडमध्ये अचूकतेचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यांत्रिक घड्याळालाही दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाण्याची मुभा असते. साध्या क्वार्ट्झचा फरक महिन्याला पंधरा सेकंदांच्या आसपास. म्हणजे वेळच पाहायची असेल, तर चारशे रुपयांचं घड्याळ लाखांच्या घड्याळाला हरवतं.

असं नवं घड्याळ आलं की आम्हा संग्राहकांचे तीन तट पडतात. पहिला विचारतो, 'भाव वाढेल का?' कोविडच्या काळात जुन्या बाजारात काही स्विस घड्याळांचे भाव चढले, 2022 नंतर घसरले आणि यातल्या अनेकांचा छंदही घसरला. दुसरा तट म्हणतो, 'नाव जुनं, पण आत्मा कुठाय?' तिसरा घड्याळ उलटं करून मागची बाजू पाहतो. मी या तिसऱ्यांतला. पण आमच्याही तोंडी एक प्रश्न क्वचितच येतो: वीस वर्षांनी हे उघडणार कोण?

यांत्रिक घड्याळाचं तेल वाळतं. काही वर्षांनी ते खोलून, साफ करून पुन्हा जुळवावंच लागतं. अनेक स्विस कंपन्या सुटे भाग बाहेरच्या कारागिराला देत नाहीत. घड्याळ कंपनीच्याच केंद्रात पाठवायचं आणि त्यांच्या दराने, त्यांच्या सवडीने परत घ्यायचं. 'पुढच्या पिढीला द्या' असं सांगून विकलेली वस्तू पुढच्या पिढीत चालू राहणार की नाही, हे असं दुसऱ्याच्या हातात राहतं. 'जनता'चं तसं नव्हतं. तालुक्याच्या गावचा घड्याळजीही ते उघडायचा आणि भाग दुसऱ्या बंद घड्याळातून काढून बसवायचा.

अशा जुळवलेल्या, तबकडी पुन्हा रंगवलेल्या घड्याळांना संग्राहक नाक मुरडून 'मुंबई स्पेशल' म्हणतात. ते अस्सल म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, घेताना सावध राहा. पण एखाद्याच्या वडिलांचं घड्याळ चालू राहावं म्हणून ज्या घड्याळजीने हा जुगाड केला, त्याने कुणालाही फसवलेलं नाही. माझ्या लेखी त्याचं कौशल्य त्या टूरबिलॉनच्या रांगेत बसणारं आहे.

आज आपल्या पेठांमधल्या छोट्या दुकानांत डोळ्याला भिंग लावून बसणारी माणसं म्हातारी झाली आहेत. मुलं त्या धंद्यात नाहीत. दिवसभर सेल आणि पट्टे बदलायचे, त्यात घर चालत नाही. महागडी यांत्रिक घड्याळं घेणारे वाढताहेत आणि ती उघडू शकणारे हात कमी होताहेत. घड्याळ पैशाने येतं. हात घडायला वर्षं लागतात.

म्हणून दोन विनंत्या. घरातल्या कपाटात बंद पडलेलं घड्याळ असेल तर ते भंगारात देऊ नका, स्वतः सुरीने उघडूही नका. जवळच्या घड्याळजीकडे न्या आणि तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्या. दुसरी विनंती सभागृहातल्या इंजिनिअर मंडळींना. या शहरात यंत्रकाम जाणणाऱ्यांची वाण नाही. येत्या मे महिन्यात शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी आठ दिवसांचा वर्ग घेऊ. शिकवायला एका घड्याळजींना बोलवू, गुरुजी म्हणून, मानधन देऊन. मुलांना खोलायला पंधरा बंद घड्याळं मी देतो, अवजारांसाठी वर्गणी तुम्ही द्या. त्यातून एका मुलाचा जरी हात बसला, तरी खूप झालं.

नावनोंदणीची वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे.